संग्राहकांसाठी लहान शोभिवंत निवडुंग : ओळख, जाती व निपज

निवडुंग म्हटले की आपल्या शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे बांधावरचे काटेरी कुंपण किंवा पडीत माळावर माजलेला फड्या निवडुंग उभा राहतो. यात नवल काहीच नाही. फड्या निवडुंग हा मूळचा अमेरिका खंडातील असून एके काळी दक्षिण भारतात त्याने फार मोठे क्षेत्र व्यापले होते. त्याच्या बंदोबस्तासाठी १९२६ साली श्रीलंकेतून कोचिनील वर्गातील एक कीड मुद्दाम आणून सोडण्यात आली आणि पुढील काही वर्षांतच तिने या निवडुंगाचा मोठ्या प्रमाणावर नाश केला. किडीच्या साहाय्याने तण आटोक्यात आणण्याचे हे एक प्रसिद्ध उदाहरण होय.

ज्या कुळातील एका झाडाशी शेतकऱ्याचे असे वैर, त्याच कुळातील मुठीएवढी झाडे शहरांतील हौशी लोक मूल्य देऊन घेतात व वर्षानुवर्षे जिवापाड सांभाळतात. ही झाडे थोड्या जागेत वाढतात आणि त्यांना पाणी थोडे लागते. मात्र ती सावकाश वाढतात व निष्काळजीपणा सहन करीत नाहीत. ज्या शेतकरी कुटुंबाला रोपवाटिकेची आवड आहे, त्याला हा एक लहानसा पूरक उद्योग होऊ शकतो. त्यासाठी मुख्यतः दोन गोष्टी लागतात : जातींची नेमकी ओळख आणि विक्रीतील सचोटी. या लेखात त्या दोन्हींचा विचार केला आहे.

खरा निवडुंग कसा ओळखावा?

आपण बोलीभाषेत अनेक काटेरी झाडांना निवडुंग म्हणतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र खरे निवडुंग कॅक्टेसी या कुळातील होत. त्यांचे मूळ स्थान अमेरिका खंड असून कॅनडापासून अर्जेंटिनाच्या दक्षिण भागापर्यंत ते आढळतात. आपल्या कुंपणावरील त्रिधारी निवडुंग व शेर ही झाडे युफोर्बिया वर्गातील आहेत. त्यांचे कुळ एरंडाचे आहे.

हा भेद शेतात उभे राहूनही ओळखता येतो. खऱ्या निवडुंगावर जेथून काटे निघतात, तेथे लवेची बारीकशी उशी असते. हिला एरिओल म्हणतात. काटे, फुले व नवे फुटवे सामान्यतः या उशीशी निगडित असतात. युफोर्बियावर अशी उशी नसते, त्याचे काटे बहुधा जोडीने असतात आणि खोडाला टोचताच पांढरा चीक येतो. हा चीक डोळ्यांस अपायकारक आहे, म्हणून लहान मुलांना त्यापासून दूर ठेवावे. पुढे कलमाच्या कामी हा भेद फार उपयोगी पडतो, तेव्हा तो पक्का लक्षात ठेवावा.

निवडुंगाचे काटे म्हणजे रूपांतर पावलेली पाने होत. अन्न तयार करण्याचे काम हिरवे खोड करते. इतर झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडतात, तर निवडुंग ती प्रामुख्याने रात्री उघडतो व त्यामुळे बाष्परूपाने होणारा पाण्याचा व्यय फार कमी होतो. त्याच्या काटकपणाचे रहस्य यात आहे. त्याची वाढ सावकाश होण्याचे एक कारणही यातच सापडते.

लागवडीस योग्य जाती

संग्राहक केवळ शोभा पाहून झाड घेत नाही. झाडाचे नाव काय, ते कोणत्या प्रदेशातले, बियांपासून वाढविले की कलम केले, याची तो चौकशी करतो. म्हणून प्रत्येक गटाची थोडी माहिती रोपवाटिकाधारकास असणे अगत्याचे आहे.

मॅमिलेरिया : हा गट मुख्यतः मेक्सिकोतील असून नवशिक्याने प्रारंभ येथूनच करावा. यांच्या अंगावर उभ्या कडांऐवजी बारीक गाठी असतात व त्या मळसूत्राप्रमाणे वळणे घेत वर चढतात. बहुतेक जातींत फुले माथ्याभोवती कड्यासारखी लागतात आणि नंतर लाल, लांबट फळे येतात. मेक्सिकोत या फळांना लहान मिरच्या अशा अर्थाचे नाव आहे व ते रूपास साजेसेच आहे. मॅमिलेरिया इलाँगाटा बोटासारख्या खोडांचा झुबका करते. मॅमिलेरिया हानियाना पांढऱ्या केसांनी झाकलेली असून तिला जांभळट गुलाबी फुलांचे कडे येते. मॅमिलेरिया बोकासाना रेशमी केसांची दिसते, परंतु आतील काटे आकड्यासारखे असतात व कपड्यात अडकतात. मॅमिलेरिया ग्रॅसिलिसची पिले नुसत्या स्पर्शानेही गळून पडतात व जेथे पडतात तेथे मुळे धरतात.

जिम्नोकॅलिशियम : अर्जेंटिना, पॅराग्वे, उरुग्वे, बोलिव्हिया व दक्षिण ब्राझील हे यांचे माहेर. यांच्या कळ्यांवर केस किंवा काटे नसतात व गटाचे नाव त्यावरूनच पडले आहे. कडक उन्हापेक्षा विरळ सावली यांना मानवते, म्हणून आपल्याकडे हे चांगले जगतात. जिम्नोकॅलिशियम बाल्डियानम लहान वयातच मद्यासारखी गडद लाल फुले देते.

ॲस्ट्रोफायटम : या गटातील मिरिओस्टिग्मा या जातीला बहुधा पाच ठळक कडा असतात, काटे नसतात व सर्वांगावर पांढरे ठिपके असतात. ॲस्टेरियास ही जात चपट्या चेंडूसारखी असून तिलाही काटे नसतात. जपानी बागाईतदारांनी निवडीने तिचे अनेक देखणे प्रकार तयार केले आहेत. या दुसऱ्या जातीस कायद्याचे विशेष संरक्षण आहे. त्याविषयी पुढे सांगितले आहे.

पॅरोडिया : यांना पूर्वी नोटोकॅक्टस असेही म्हणत. मॅग्निफिका, हासेलबर्गी व लेनिंगहाउसी या तिन्ही जाती दक्षिण ब्राझीलच्या आहेत. पहिलीच्या निळसर हिरव्या अंगावर रेखीव उभ्या कडा असतात, दुसरी पांढऱ्या काट्यांची असून नारिंगी लाल फुले देते, तर तिसरी सोनेरी काट्यांची असून पुढे स्तंभासारखी वाढते.

रेब्युशिया : बोलिव्हिया व अर्जेंटिनातील डोंगराळ प्रदेशाचे हे निवडुंग फार लहान असतात व बुंध्यालगत भरपूर फुले देतात. परंतु त्यांना थंड हवा लागते. सपाटीवरील उन्हाळा यांना सोसत नाही. महाबळेश्वर, पाचगणीसारख्या ठिकाणीच यांचा प्रयोग करावा.

शेंगदाणा निवडुंग : शास्त्रीय नाव एकिनॉप्सिस कॅमेसेरियस, मूळ देश अर्जेंटिना. याची पिले भुईमुगाच्या शेंगेसारखी दिसतात, सहज तुटतात व सहज रुजतात. फुले शेंदरी लाल. शिकाऊ माणसाच्या हाताला यश देणारी ही जात आहे.

ससेकानी निवडुंग : ओपन्शिया मायक्रोडेसिस हे फड्या निवडुंगाचे मेक्सिकोतील लहान भावंड. याच्या अंगावरील मऊ भासणारे ठिपके म्हणजे असंख्य सूक्ष्म कुसे असतात. ती त्वचेत शिरली की निघता निघत नाहीत. हाताळताना कागदाची घडी किंवा चिमटा वापरावा व लहान मुलांच्या घरी हे झाड देताना तशी सूचना द्यावी. याचे तुटलेले तुकडे बांधावर किंवा उकिरड्यावर टाकू नयेत. फड्याचा अनुभव आपल्या गाठी आहेच.

रंगीत निवडुंग व ड्रॅगन फ्रूटचा खुंट

बाजारात हिरव्या दांड्यावर लाल, पिवळा किंवा नारिंगी गोळा बसविलेले निवडुंग सर्वांचे लक्ष वेधून घेतात. हे एक झाड नसून दोन झाडांचे कलम आहे. वरचा गोळा पॅराग्वेमधील जिम्नोकॅलिशियम मिहानोविची या जातीचा, अंगी हरितद्रव्य नसलेला प्रकार होय. १९४१ च्या सुमारास जपानमध्ये रोपांतून असे रंगीत प्रकार प्रथम निवडण्यात आले. हरितद्रव्य नसल्याने हा गोळा स्वतःचे अन्न तयार करू शकत नाही व स्वतःच्या मुळांवर जगू शकत नाही. त्याला हिरव्या खुंटावर बसवावे लागते.

हा खुंट बहुधा ड्रॅगन फ्रूटच्या वेलाचा असतो, कारण ड्रॅगन फ्रूट हाही खरा निवडुंग आहे. सांगली, सोलापूर यांसारख्या अवर्षणप्रवण भागांत या फळाची लागवड होत असल्यामुळे छाटणीच्या निरोगी फांद्या तेथे सहज मिळू शकतात. शेतात फेकून दिली जाणारी ही छाटणी खुंटासाठी उपयोगी आणता येते.

येथे एक सूचना आवश्यक आहे. त्रिधारी निवडुंगाचे खोडही तीन धारांचे असल्यामुळे त्यावर कलम करण्याचा मोह होतो. परंतु ते झाड निराळ्या कुळाचे आहे व त्यावर निवडुंगाचे कलम जगत नाही. टोचल्यावर पांढरा चीक आला की तो खुंट बाजूला ठेवावा.

कलमाची रीत अशी आहे. ड्रॅगन फ्रूटच्या फांदीचे बारा ते पंधरा सेंटिमीटरचे तुकडे करून काप आठवडाभर सावलीत सुकू द्यावेत व मग ते वाळूमिश्रित मातीत लावावेत. मुळे धरून खुंट टवटवीत झाल्यावर स्पिरिटने पुसलेल्या धारदार पात्याने त्याचा माथा आडवा छाटावा व तिन्ही धारांचे कोपरे किंचित तिरपे तासावेत. वर बसवायच्या गोळ्याचा तळही तसाच सपाट कापावा. दोन्ही कापांच्या मध्यभागी रसवाहिन्यांचे एक कडे दिसते. ही दोन कडी निदान एका बाजूस तरी एकमेकांवर आली पाहिजेत. कलमाचे सारे यश यावर अवलंबून असते. गोळा ताज्या कापावर त्वरित बसवून हलके दाबावा, आतील हवा निघू द्यावी व कुंडीसकट दोन रबरी वेढ्यांनी बांधावा. सात ते दहा दिवस कोरड्या, हवेशीर सावलीत ठेवावे व कापावर पाण्याचा थेंबही पडू देऊ नये. त्यानंतर वेढे सोडावेत.

बियांपासून निपज

पिले काढून रोपे लवकर तयार होतात. पण सर्वच जाती पिले देत नाहीत. उत्तम संग्रहयोग्य झाडे बियांपासूनच तयार होतात. यासाठी स्वतःजवळ मातृवृक्ष असावेत. अनेक जातींत एकाच झाडाचे पराग त्याच फुलास चालत नाहीत, म्हणून एका जातीची निदान दोन वेगवेगळी झाडे ठेवावीत. एकाच झाडाची पिले या कामी निरुपयोगी असतात. फुले पूर्ण उमलली असता मऊ कुंचल्याने पराग एका फुलावरून दुसऱ्यावर न्यावेत व परागित फुलास दोरा बांधून खूण करावी. दोन जातींचा संकर झाला तर त्यास संकर असेच म्हणावे.

फळ पिकल्यावर बी काढून, धुऊन, सावलीत वाळवावे. पेरणीसाठी फेब्रुवारी-मार्च किंवा पाऊस ओसरल्यानंतरचा काळ सोयीचा असतो. उथळ परळात बारीक चाळलेली वाळू व कुजलेला पालापाचोळा यांचे उकळत्या पाण्याने निर्जंतुक केलेले मिश्रण भरावे. बी वर नुसते पसरावे, मातीने झाकू नये. परळ खालून पाण्यात ठेवून ओला करावा व वर काच किंवा प्लॅस्टिकचा पातळ कागद घालून उजेडाच्या सावलीत ठेवावा. एक ते तीन आठवड्यांत बहुतेक जाती उगवतात. रोपे कोलमडू लागल्यास आच्छादन काढून हवा द्यावी. पहिल्या वर्षाअखेर पुष्कळ रोपे वाटाण्याएवढीच असतात. यास घाई चालत नाही. पुष्कळ जातींचे फूल दिसेपर्यंत दोन ते चार वर्षे जातात व काहींना त्याहूनही अधिक लागतात.

माती, ऊन व पाणी

काळी, चिकण माती या झाडांना सर्वस्वी अयोग्य आहे. दोन भाग खरखरीत वाळू किंवा बारीक खडी, एक भाग पोयटा व एक भाग पूर्ण कुजलेला पालापाचोळा हे मिश्रण चांगले असते. वाळूतील धूळ चाळून व धुऊन काढावी. ताजे शेणखत घालू नये. कुंडी झाडाच्या मानाने किंचितच मोठी असावी व तळाशी छिद्र असलेच पाहिजे. मोठ्या कुंडीत माती फार काळ ओली राहते व मुळे कुजतात.

निवडुंगाला रणरणते ऊन हवे, हा समज लहान जातींच्या बाबतीत खरा नाही. निसर्गात ही झाडे बहुधा दगडांच्या कपारीत किंवा झुडपांच्या आडोशाला वाढतात. मार्च ते मे या काळात त्यांवर निम्मी सावली देणारी जाळी असावी. एरवी सकाळचे ऊन अवश्य मिळावे. नाही तर झाड फिकट, लांबट व बेढब होते.

पाणी केव्हा द्यावे, याचे उत्तर वाराने देता येत नाही. बारीक काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसून पाहावी. ती कोरडी निघाली तर भरपूर पाणी द्यावे, ओलसर निघाली तर देऊ नये. थंडीत पाणी बरेच कमी करावे. आपल्याकडे निवडुंगाचा खरा शत्रू पावसाळा आहे. महिनाभर लागून राहिलेली झड सोसण्याची या झाडांच्या मुळांना सवय नसते. म्हणून जूनपूर्वी वर पारदर्शक छप्पर करावे व चारही बाजू वाऱ्यास मोकळ्या ठेवाव्यात. कोकणातील दमट हवेत ही दक्षता दुप्पट घ्यावी लागते.

किडी व रोग

पिठ्या ढेकूण ही मुख्य कीड होय. कापसासारखे पांढरे पुंजके काट्यांच्या बुडाशी दिसताच स्पिरिटमध्ये बुडविलेल्या काडीच्या कापसाने ते पुसून काढावेत. याच किडीचा एक प्रकार मुळांवर राहतो. झाड कारण नसता वाढायचे थांबले, तर ते उपसून मुळे पाहावीत, धुवावीत, सुकवावीत व नव्या मातीत लावावे. लाल कोळ्यांमुळे अंगावर तांबूस, खरबरीत डाग पडतात. ते पुन्हा हिरवे होत नाहीत, म्हणून भिंगाने वेळोवेळी तपासणी करावी. खोड बुडाशी मऊ व तपकिरी झाले तर ती कूज समजावी. निरोगी भागापर्यंत कापून, काप सुकवून, वरचा भाग पुन्हा रुजविता येतो. नव्याने आणलेले झाड महिनाभर इतरांपासून दूर ठेवावे.

रानातील झाड व कायदा

निवडुंगांच्या छंदाला एक काळी बाजूही आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत १,४७८ जातींचा विचार करण्यात आला. त्यांपैकी ३१ टक्के जाती नष्ट होण्याच्या धोक्यात असल्याचे आढळले. संग्रहासाठी रानातून झाडे उपटणे हे त्याचे एक मोठे कारण आहे. २०२० साली इटलीच्या पोलिसांनी चिली देशाच्या अटाकामा वाळवंटातून चोरून आणलेले हजाराहून अधिक निवडुंग जप्त केले व २०२१ साली त्यांपैकी आठशेहून अधिक चिलीस परत पाठविण्यात आले. अशी झाडे वाळवंटात फार सावकाश वाढलेली असतात. एका माणसाच्या आयुष्यात त्यांची भरपाई होत नाही.

याउलट उदाहरण सोनेरी गोल निवडुंगाचे आहे. मेक्सिकोत १९९० नंतरच्या दशकात बांधलेल्या सिमापान धरणामुळे त्याचे बरेच मूळ क्षेत्र पाण्याखाली गेले व तो रानात संकटग्रस्त झाला. तरीही जगभरच्या रोपवाटिकांत तो बियांपासून विपुल तयार होत असल्यामुळे बाजारासाठी रानातले झाड उपटण्याचे कारण उरत नाही. परळात वाढविलेले प्रत्येक रोप रानातील एका झाडावरचा भार कमी करू शकते.

वन्य प्राणी व वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स करारात भारत १९७६ सालापासून सहभागी आहे. निवडुंगाच्या जवळजवळ सर्व जाती या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असून ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरियास, एरिओकार्पस इत्यादी दुर्मिळ जाती पहिल्या परिशिष्टात आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियमात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने या परिशिष्टांना आपल्या कायद्यात स्थान मिळाले आहे. म्हणून पहिल्या परिशिष्टातील जातींची निपज करण्यापूर्वी वन विभागाकडे परवान्याविषयी चौकशी करावी. परदेशातून झाडे किंवा बियाणे टपालाने परस्पर मागवू नये. त्यासाठी आयात परवाना व रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. नवशिक्याने वर सांगितलेल्या सामान्य जातींवरच भर द्यावा हे उत्तम.

विक्रीतील सचोटी

काही विक्रेते निवडुंगाच्या माथ्यावर वाळलेली फुले डिंकाने चिकटवून ती खरी म्हणून विकतात. काही जण झाडाला रंग फासतात. रंगाने खोडाला मिळणारा उजेड अडतो व चिकटविलेल्या फुलाखाली वाढीचा कोंब दुखावतो. गिऱ्हाईक एकदा फसते, परत येत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे प्रकार शेतकऱ्यांस आवर्जून समजावून द्यावेत.

रंगीत कलम विकतानाही ते कलम आहे, थोड्या वर्षांचे सोबती आहे आणि खुंट थकल्यास गोळा नव्या खुंटावर बसवावा लागेल, हे स्पष्ट सांगावे. प्रत्येक कुंडीत एक चिठ्ठी असावी. तीवर शास्त्रीय नाव, मूळ देश, पेरणीचे वर्ष व कलम असल्यास खुंटाचे नाव लिहावे. नावाची खात्री नसेल तर केवळ गटाचे नाव लिहावे. चुकीचे नाव लिहिण्यापेक्षा ते बरे. ही चिठ्ठी फुकट तयार होते, पण जाणत्या संग्राहकाच्या दृष्टीने झाडाची अर्धी किंमत तीत असते.

सुरुवात कशी करावी?

एक चौरस मीटर जागेत पाच सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी कुंड्या चारशे मावतात. परंतु या आकड्याने हुरळून जाऊ नये. चारशे रोपे जगविणे, ती दोन-तीन वर्षे सांभाळणे व योग्य गिऱ्हाईक मिळविणे ही तीन निराळी कामे आहेत. शेतीचे भांडवल यात घालू नये व कर्ज काढून आरंभ करू नये.

पहिल्या वर्षी मॅमिलेरियाच्या दोन, जिम्नोकॅलिशियमची एक, पॅरोडियाची एक व शेंगदाणा निवडुंग अशा पाच जातींची प्रत्येकी चार-चार झाडे खात्रीच्या रोपवाटिकेतून आणावीत. पावसाळ्यापूर्वी छप्पर तयार ठेवावे. पाणी केव्हा दिले, फूल केव्हा आले, झाड कशाने मेले याची वहीत नोंद करावी. पुढील उन्हाळ्यात ही वही आपल्या भागातील कृषी कार्यकर्त्यास दाखवावी व जी झाडे आपल्या हवेत पावसाळा पार करून जगली, त्यांचीच पिले व बी दुसऱ्या वर्षी वाढवावे.